इटलीची तुकडेजोड

व्याही इतिहासाचे मास्तर निघाले आणि कैलासराव शेलारांच्या जिवाचं स्वास्थ्य गेलं.

डॉक्टर निघाले असते तर गुडघा दाखवून वेळ मारून नेता आली असती. वकील निघाले असते तर बांधाचं एखादं भांडण काढता आलं असतं. पण इतिहासाचे मास्तर, तेही इटलीतले, तेही सारी हयात हायस्कुलात घालवून निवृत्त झालेले! आता त्यांच्यापुढे बोलायचं काय? त्यांच्या लेकीनं, कोमलनं, इटालियन पोरगा पसंत केला, याचं कैलासरावांना काही वाटलं नव्हतं. चाकणच्या ज्या कारखान्यात ती नोकरीला होती, तिथे तो यंत्रं बसवायला आला होता. लोरेन्झो त्याचं नाव. लोणावळ्याला वलवणच्या घरी पहिल्यांदा आला तेव्हा न सांगता बूट बाहेर काढले, आजीच्या पाया पडला, आणि ठेच्यानं नाकाडोळ्यांतून धार लागलेली असतानाही ‘चान, चान’ म्हणत राहिला. घरानं त्याला तिथल्या तिथे पास केलं.

गडबड झाली ती फोनवरच्या भेटीत. दोन्हीकडची मंडळी पडद्यावर समोरासमोर बसली, नमस्कार झाले, हवापाणी झालं, आणि सिल्व्हानो मास्तरांनी आपल्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत सहज विचारलं, की आमच्या देशाबद्दल तुम्हाला काय काय ठाऊक आहे? आता हा काही तोंडी परीक्षेतला प्रश्न नव्हे. पण कैलासराव वडगावच्या जमीन मोजणीच्या कचेरीतून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले होते, आणि माहिती नाही असं म्हणण्याची त्या खुर्चीला सवय नसते.

‘संपूर्ण आधुनिक इतिहास,’ ते छाती काढून म्हणाले. ‘फुल मॉडर्न हिस्टरी.’

त्यांच्या पत्नीनं, अनिताबाईंनी, पडद्याला दिसणार नाही अशा बेतानं चिमटा काढला. पण तोवर तोंडातून शब्द गेला होता. पलीकडे मास्तरांचा चेहरा असा फुलला, की बघणाऱ्याला भरून यावं. लग्नाच्या आधी चांगले आठवडाभर येऊ, म्हणाले, म्हणजे निवांत बोलता येईल.

खरं सांगायचं तर कैलासरावांना आठवत होती ती शाळेच्या पुस्तकातली तीन नावं. मॅझिनी, गॅरिबाल्डी आणि काव्हूर. यांतला एक इटलीचा आत्मा होता, एक मेंदू होता आणि एक तलवार होती. कोण काय होतं, ते मात्र शाळेतच राहिलं होतं.

‘बाबा, माझं एकच मागणं आहे,’ फोन ठेवल्यावर कोमल म्हणाली. ‘लोरेन्झोच्या बाबांना त्यांचा इतिहास म्हणजे जीव की प्राण. तुमचं आणि त्यांचं जमलं, की माझं सगळं जमलं. पण त्यांच्याशी थापा मारू नका हो, त्यांना थापा लगेच कळतात.’

‘थापा?’ कैलासराव दुखावून म्हणाले. ‘मी फक्त आधी सांगितलं. आता वाचतो.’

लेकीसाठी माणूस काय काय करतो! कुणी कर्ज काढतो, कुणी देवाला पायी जातो. कैलासरावांनी इटली वाचायला घेतली.

पुस्तकं आली निवृत्ती गायकवाडांकडून. हे कचेरीतले त्यांचे जुने सोबती, राहायला भुशीच्या वाटेवर. त्यांच्या बैठकीत एक अख्खी भिंत पुस्तकांची, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशा जागी भारताची राज्यघटना. त्यांनी दोन पिशव्या भरून पुस्तकं आणून टाकली आणि म्हणाले, ‘सुरुवात अठराशे पंधरापासून करा. त्याच्या मागे गेलात तर लग्न उरकून नातवंडं होतील.’

पहिल्याच प्रकरणात कैलासरावांना घाम फुटला. इटली नावाचा देशच नव्हता! सात-आठ राज्यं. वरचा तुकडा ऑस्ट्रियानं दाबलेला, मधला पोपच्या नावावर, खालच्या तुकड्याला वेगळाच राजा, आणि उरलेल्या जागेत सरदार-दरकदार. दोन दिवस त्यांना काही उमजेना. तिसऱ्या दिवशी दात घासता घासता ते तसेच तोंडात फेस घेऊन बाहेर आले आणि त्यांनी निवृत्तींना फोन लावला.

‘गायकवाड, अहो ही तर आपली तुकडेजोड आहे!’

विखुरलेले तुकडे गोळा करून त्यांचा एक सलग गट करायचा, याला मोजणीच्या खात्यात तुकडेजोड म्हणतात. आणि अशा तुकडेजोडीची दप्तरं चाळण्यात कैलासरावांची उमेदीची वर्षं गेली होती. त्यानंतर अभ्यासाला जो वेग आला, तो विचारू नका. काव्हूर म्हणजे मोजणी अधिकारी. खुर्चीतून न उठता हद्दी सरकवणारा. मॅझिनी म्हणजे मूळ अर्जदार. बिचारा जन्मभर अर्ज करत राहिला, प्रत्येक अर्ज फेटाळला गेला, पण मागणी पहिली त्याचीच. ऑस्ट्रियाचं ते उघड उघड अतिक्रमण. पोप हरकतदार, आणि हरकत अशी चिवट, की निकाल लागून कितीतरी वर्षं झाल्यावरही रोमच्या मधोमध त्याला एक स्वतंत्र तुकडा काढून द्यावाच लागला. ‘असा एक हरकतदार प्रत्येक गावात असतो,’ कैलासराव आदरानं म्हणाले.

आणि गॅरिबाल्डी. गॅरिबाल्डीपाशी कैलासराव थांबले ते थांबलेच. हजारभर माणसं, अंगात लाल सदरे, धड बंदुका नाहीत. असा माणूस सिसिलीला उतरतो काय, अर्धी इटली जिंकतो काय, जिंकलेलं सगळं राजाच्या हाती ठेवतो काय, आणि स्वतः बियाण्याचं पोतं घेऊन आपल्या बेटावर शेती करायला निघून जातो काय! कैलासरावांनी पुस्तक मिटलं. बोटभर बांधासाठी सख्खे भाऊ एकमेकांच्या उरावर बसलेले त्यांनी उभ्या नोकरीत पाहिले होते. अख्खं राज्य सोडून देणारा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत होता. त्यांना अगदी गलबलून आलं.

‘माणूस मोठाच,’ निवृत्ती म्हणाले. ‘पण राज्य दिलं कुणाला? राजाला. मला विचाराल, तर खरी गोष्ट पुढे आहे. मध्ये तो हुकूमशहा आला, सगळ्या देशाची राख झाली. आणि त्या राखेत उभं राहून सेहेचाळीस साली लोकांना विचारलं, राजा पाहिजे का प्रजासत्ताक? बायकांनीसुद्धा मत दिलं, शेलार! राजाला मतपेटीतून घरी पाठवला. आणि घटनेच्या पहिल्याच कलमात लिहिलं, की हे प्रजासत्ताक श्रमावर उभं आहे. श्रमावर!’ असे हे दोन निवृत्त सरकारी नोकर रोज संध्याकाळी वलवणच्या ओट्यावर बसून इटलीसाठी घसा कोरडा करत, आणि रस्त्यानं जाणारे लोक दोघांमध्ये कसला वाद लागलाय म्हणून थबकत.

थबकणाऱ्यांत पहिले होते शेजारचे दत्तोबा. एसटीतून निवृत्त झाल्यापासून सगळ्या आळीची वाहतूक तेच बघत. कैलासरावांनी भिंतीवर इटलीचा नकाशा काढून लावला होता. अर्थातच मोजणीच्या पद्धतीनं, प्रत्येक राज्याला गट नंबर, हद्दी लाल शाईनं, वादातली जागा तिरप्या रेघांनी. दत्तोबांनी तो नकाशा डोळे बारीक करून पाहिला, आणि ते लगबगीनं घरी गेले. मावळात भिंतीवर असा नकाशा लागला, तर त्याचा अर्थ एकच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरे बूट, पांढरा सदरा आणि काळा चष्मा अशा वेषात एक जमिनीचा एजंट दारात हजर.

‘शेलारसाहेब, प्लॉटिंग टाकताय म्हनं. आपल्याला सांगायचं तरी. रोड टच हाये का?’

‘समुद्र टच आहे,’ कैलासराव चिडून म्हणाले. ‘तिन्ही बाजूंनी.’

‘आरं तिच्या! कोकनात घेतलं व्हय!’ एजंट नकाशाला भिडला. ‘आन् ह्यो मधला तुकडा? रेघा मारल्यात त्यो?’

‘तो पोपचा. वादात आहे.’

‘वाद मिटवू की. वारस किती हायेत त्याला?’

पोपला वारस नसतो, हे कैलासरावांनी सांगितल्यावर तो माणूस इतका खूष झाला, की त्याला बाहेर काढता काढता अनिताबाईंचा सकाळचा स्वयंपाक राहिला. पुढे आठ-दहा दिवस कामशेतपासून खंडाळ्यापर्यंत चौकशा येत होत्या. एकानं तर कस्तुराबाईंना, म्हणजे कैलासरावांच्या आईला, एकटं गाठून विचारलं, की म्हातारे, खरं सांग, पाणी कुठवर हाये? म्हातारी लोहगडवाडीची लेक. तिनं खरं ते सांगितलं. ‘मला काय ठावं बाबा? त्यो निसता बघत बसतो त्याच्याकडं आन् रडतो.’

एवढ्यात सरकारी अडचण उभी राहिली. परदेशी पाहुणे घरी उतरणार, तर त्याची नोंद सरकारला कळवायची असते. कैलासराव हसले. ज्यानं हजारो लोकांचे अर्ज ‘त्रुटी’ म्हणून परत पाठवले, त्याला का अर्ज भरायला शिकवायचा? संगणकापुढे बसले, आणि ‘पाहुण्याशी नाते’ या रकान्यावर अडकले. व्याह्याला इंग्रजीत शब्दच नाही! बाप आहे, भाऊ आहे, मेव्हणा आहे. पण मुलीचा सासरा आपला कोण लागतो, याचा त्या लोकांनी विचारच केलेला नाही. दत्तोबा म्हणाले, ‘फ्रेंड लिवा.’ कैलासरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. ‘मुलीच्या सासऱ्याला फ्रेंड? उद्या विहिणीला काय लिहू?’ त्यांनी स्वाभिमानानं रोमन अक्षरांत ‘व्याही’ असंच लिहिलं. अर्ज त्रुटी म्हणून परत आला. तो शब्द आपल्याकडे बघून हसतोय असं त्यांना वाटलं, आणि अखेर मुकाट्यानं त्यांनी ‘फ्रेंड’ लिहिलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

सिल्व्हानो मास्तर आणि जुलियानाबाई आले ते सगळ्यांना जिंकतच आले. मास्तर उंच, किडकिडीत, पांढऱ्या मिशा, बोलताना दोन्ही हात मोकळे लागत. बाई ठेंगण्या आणि हसतमुख. त्यांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण आल्या आल्या अनिताबाईंच्या स्वयंपाकघरात शिरून त्यांनी कांदा चिरायला घेतला, आणि भाषेचा प्रश्न तिथे संपला. मास्तरांनी कैलासरावांना मिठी मारली आणि एक शब्द उच्चारला. कोन्स्वोचेरो. लोरेन्झो म्हणाला, याचा अर्थ व्याही.

‘शब्द आहे?’ कैलासराव जवळजवळ ओरडले. ‘व्याह्याला यांच्यात शब्द आहे?’ इंग्रजांच्या दीडशे वर्षांच्या राज्यात न मिळालेली गोष्ट इटलीनं पहिल्या मिनिटात दिली होती. आपण योग्य देशाचा अभ्यास केला, याबद्दल त्यांची खात्री पटली.

एक छोटा घोटाळा झाला, पण तो निस्तरला. मास्तरांनी आजीजवळच्या खुर्चीकडे बोट करून, बसू का, असं खुणेनं विचारलं. कस्तुराबाई प्रेमानं म्हणाल्या, ‘व्हय, व्हय.’ मास्तर चपापले, मान तुकवली आणि दाराबाहेर चालू लागले. इटालियनमध्ये ‘वाय’ म्हणजे ‘जा’, असं लोरेन्झोनं सांगितलं तेव्हा अंगणातून त्यांना परत आणलं.

‘आई, तुझं ते व्हय आठवडाभर बंद,’ कैलासरावांनी फर्मान काढलं.

‘मंग काय म्हनू?’

‘होय म्हण.’

‘व्हय,’ कस्तुराबाई म्हणाल्या.

एकूण भाषेचा धोका टळला, असं कैलासरावांनी धरून चालायला हरकत नव्हती.

लग्नाच्या कागदांसाठी कोमल आणि लोरेन्झो पुण्याला गेले. दोघंही तिथेच राहून दुसऱ्या दिवशी लोकलनं परस्पर तळेगावला उतरणार होते. त्या दुपारी घरात व्याही-व्याही समोरासमोर जेवायला बसले. पिठलं, भाकरी, वांग्याचं भरीत. पिठलं हरभऱ्याच्या डाळीचं असतं हे कळल्यावर मास्तरांचे डोळे चमकले. आमच्या गावातही गरिबाच्या ताटात हरभराच, म्हणाले. एवढा चांगला मुहूर्त पाहून कैलासरावांनी घसा साफ केला आणि इतके दिवस घोकलेलं गॅरिबाल्डीवरचं भाषण सुरू केलं. हजार माणसं. लाल सदरे. राज्यत्याग. बियाण्याचं पोतं. पोत्यापाशी आवाज दाटून आला, तो त्यांनी येऊ दिला.

मास्तरांनी सगळं मन लावून ऐकलं. मग भाकरीचा तुकडा मोडत शांतपणे म्हणाले, ‘माझं गाव दक्षिणेला. गॅरिबाल्डी आला तेव्हा माझ्या पणजोबांच्या वडिलांनी चौकात नाच केला. मग गॅरिबाल्डी गेला आणि राजाची माणसं आली. सक्तीची फौजभरती आली. लष्कर आलं. आणि दळणावर कर बसला.’

‘काय म्हन्त्यात रं पाव्हनं?’ कस्तुराबाईंनी विचारलं. कैलासराव सरकारी माणूस. भाषांतरात खाडाखोड करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी जसंच्या तसं सांगितलं. दळणावर कर. गिरणीच्या जात्याला मोजयंत्र. जातं किती फिरलं ते मोजून पट्टी वसूल.

‘जात्याला मीटर?’ म्हातारीचा घास हातातच राहिला. ‘गरिबाच्या पिठावर पट्टी? आन् तू इतकं दिस त्याच्यापायी रडत व्हतास व्हय रं?’

‘आई, कर गॅरिबाल्डीनं नाही बसवला!’

‘त्यानंच आनला नव्हं त्यो राजा? पाव्हनं बराबर बोलत्यात.’ आणि तिनं मास्तरांच्या ताटात पिठल्याचा मोठा डाव टाकला.

घरची म्हातारी फितूर झालेली पाहून कैलासरावांचा तोल गेला. कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या. ते उभे राहिले, आणि डावा हात हवेत फेकत इंग्रजी-मराठी जे तोंडात येईल त्या भाषेत ओरडले, की तुकडेजोडीत कुणाचा तरी कोपरा जातोच, पण म्हणून गट करायचाच नाही का. आणि ज्यानं एक मूठ माती स्वतःला ठेवली नाही, त्याच्याबद्दल या घरात वाकडा शब्द ऐकून घेतला जाणार नाही! मास्तरही उभे राहिले. त्यांचे दोन्ही हात वर गेले. मग आपण कुणाशी कुणासमोर बोलतोय हे कैलासरावांना एकदम जाणवलं, आणि ते मटकन खाली बसले.

सावरून घ्यायला बाईमाणूसच लागतं. अनिताबाई हसून मोठ्यानं म्हणाल्या, ‘अहो जाऊ द्या ते सगळं. उद्या बस्ता!’

‘बस्ता!’ ताक घेऊन आलेले दत्तोबा दारातूनच गरजले.

‘व्हय तर, बस्ता!’ कस्तुराबाईंनी मांडीवर थाप मारली. कैलासरावांनीही मान हलवून, विषय मिटावा म्हणून, ठासून सांगितलं, ‘बस्ता.’

लग्नाची कापडं काढायला दोन्हीकडची माणसं मिळून दुकानात जातात, त्याला बस्ता म्हणतात हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. पण कैलासरावांच्या दोन पिशव्या पुस्तकांत एक गोष्ट कुठेच नव्हती. इटालियन भाषेत ‘बस्ता’ म्हणजे पुरे. बास. संपलं. सबंध घरानं, शेजाऱ्यासकट, एकमुखानं तेवढं सांगितल्यावर मास्तरांचा चेहरा उतरला. त्यांनी जुलियानाबाईंकडे पाहिलं, दोघंही ताटावरून उठली, आणि डोकं दुखतंय अशी खूण करून खोलीत गेली ती दिवसभर बाहेर आली नाहीत.

कैलासराव ओट्यावर डोकं धरून बसले. लेकीनं एकच मागितलं होतं. राज्यत्याग केलेल्या एका मेलेल्या माणसापायी आपण ते घालवलं. निवृत्ती समजावायला आले, तर त्यांनाच म्हणाले, ‘तुमचं ते सेहेचाळीस साल बोललो असतो तर बरं झालं असतं हो.’ निवृत्तींनी, असा मोठा माणूस, ‘मी सांगतच होतो’ असं चुकूनही म्हटलं नाही.

सकाळी दत्तोबांची जीप दारात लागली, तेव्हा पाहुणे बॅगा भरून ओट्यावर तयार बसले होते. झालं ते मुलाला फोनवर नव्हे, समोर उभं राहून सांगायचं, असं मास्तरांनी ठरवलं असावं. फोन त्यांनी कुणालाच केला नव्हता.

‘बॅगा कशाला?’ अनिताबाई कुजबुजल्या.

‘कापडं आनायला,’ दत्तोबा म्हणाले. ‘त्यांच्याकडं तशी पद्धत असंल.’ आणि त्यांनी बॅगा टपावर बांधल्या.

जीप जुन्या रस्त्यानं पुण्याच्या दिशेला निघाली. विमानतळाचा रस्ताही तोच, त्यामुळे पाहुण्यांना काही विचारावंसं वाटलं नाही. मास्तर मान ताठ ठेवून बसले होते, जुलियानाबाई रुमालानं डोळे टिपत होत्या आणि कस्तुराबाई, का ते न कळता, त्यांचा हात हातात घेऊन बसल्या होत्या. कार्ल्याचा फाटा गेला तशी कैलासरावांना ती शांतता सोसेना. लेकीच्या सुखापुढे गॅरिबाल्डी काय चीज आहे? त्यांनी मनात त्याची माफी मागितली.

‘मास्तरसाहेब, मी विचार केला. गॅरिबाल्डी काही एवढा मोठा नव्हता.’

मास्तर दचकले. मग हात जोडल्यासारखे करून घाईघाईनं म्हणाले, ‘नाही, नाही! तो थोरच होता. चूक माझी झाली.’

‘कसला थोर? शेतकऱ्याला वाऱ्यावर सोडून गेला.’

‘तो बिचारा काय करणार? तो तर त्याच्या बेटावर!’

‘तेच म्हणतो मी! बेटावर जायला कुणी सांगितलं होतं? जात्याला मीटर बसलं तेव्हा धावत यायला नको?’

‘असं बोलू नका!’ मास्तरांनी दोन्ही हात उडवले. ‘बियाण्याचं पोतं आठवा!’

‘पोत्याचं कौतुक मला सांगू नका!’ कैलासराव पुन्हा लाल झाले. कामशेत ते वडगाव दोघंही एकमेकांची बाजू घेऊन कडाडून भांडले, आणि दोघांच्याही मनात एकच होतं, की पोरांचं लग्न मोडू नये.

तळेगावात जीप थांबली. मास्तर खाली उतरले, त्यांनी वर पाहिलं, आणि ते जागीच खिळले. तीन मजली कापडाचं दुकान, आणि त्याच्या कपाळावर पुरुषभर उंचीची, सोनेरी, रोमन अक्षरं: वेडिंग बस्ता. पहिला शब्द त्यांना इंग्रजीमुळे कळला. दुसरा त्यांच्या मायबोलीतलाच होता. लग्न, पुरे.

‘याची पाटीसुद्धा लावली तुम्ही?’ मास्तर अगदी क्षीण आवाजात म्हणाले.

स्टेशनवरून चालत आलेली कोमल तेवढ्यात पुढे आली. टपावरच्या बॅगा, सासूबाईंचे सुजलेले डोळे आणि बापाचे लाल कान तिनं एका नजरेत पाहिले. लोरेन्झोनं वडिलांना विचारलं, त्यांनी त्या पाटीकडे बोट केलं, आणि तो पोरगा भर रस्त्यात पोट धरून खाली बसला. मग कोमलनं मराठीत सांगितलं, त्यानं इटालियनमध्ये सांगितलं, दत्तोबांनी गर्दीला सांगितलं. जुलियानाबाई आधी रडल्या, मग हसल्या, मग दोन्ही एकदम करत अनिताबाईंच्या गळ्यात पडल्या आणि बायका त्यांना घेऊन आत गेल्या.

दोघे व्याही दुकानाच्या पायरीवरच टेकले. मास्तर हसून हसून दमले होते. डोळे पुसत ते कैलासरावांकडे वळले.

‘सगळं आयुष्य शिकवलं मी,’ ते म्हणाले. ‘दर वर्षी गॅरिबाल्डी सिसिलीला उतरायचा आणि पोरं खिडकीबाहेर बघत बसायची. त्याच्या बाजूनं बोललो, विरुद्ध बोललो, एकाही पोराला काही फरक पडला नाही. काल पहिल्यांदा एक माणूस त्याच्यासाठी माझ्यावर ओरडला. कान लाल करून, उभा राहून! मला इतका आनंद झाला होता, कोन्स्वोचेरो, की मी तुम्हाला मिठी मारायलाच उठलो होतो. आणि तेवढ्यात तुम्ही सगळे म्हणालात, पुरे.’

कैलासरावांच्या ओरडण्याचं जन्मात कुणी कौतुक केलं नव्हतं. तक्रारी मात्र पुष्कळ झाल्या होत्या. त्यांनी मास्तरांचा हात धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

‘पुरे कुठलं मास्तर?’ ते शेवटी म्हणाले. ‘अजून रोम घ्यायचं राहिलंय.’

मास्तरांनी बाह्या सरसावल्या. तेवढ्यात आतून जुलियानाबाईंची हाक आली. दोघांनी वळून पाहिलं. पांढऱ्या गादीवर साड्यांचा डोंगर झाला होता, त्यातून बाईंचं नुसतं डोकं दिसत होतं, आणि त्या दोन्ही हात वर करून दुकानदाराला कळवळून सांगत होत्या, ‘बस्ता! बस्ता!’

‘व्हय ताई, बस्ताच हाये,’ दुकानदार आनंदानं म्हणाला, आणि त्यानं पोराला माडीवरचे गठ्ठे खाली आणायला सांगितले.